साइटवरची गुणवत्ता आणि डिजिटल नोंदी: नोंद कधी करायची, कुठे करायची, कोणी करायची?

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी साइटवर क्यूए-क्यूसी, म्हणजे गुणवत्तेची हमी आणि तपासणी, बघतो. कागदी रजिस्टरं, एक्सेल आणि आता टॅबवर चालणारी सिस्टिम, तिन्ही वापरून झालंय. सिस्टिम विकायला येणारे सांगतात की ही घेतली की गुणवत्ता आपोआप सुधारेल. माझ्या मते सुधारते नक्की, पण एका अटीवर. काम झाकलं जाण्याआधी, त्या जागेवर उभं राहून, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानंच नोंद करायची, आणि ती नोंद झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होता कामा नये. यातलं एक जरी निसटलं तरी सिस्टिममध्ये नुसती माहिती साठत जाते, कामावर तिचा काही परिणाम होत नाही.

कारखान्यात तयार झालेला नग बाजूला काढून पुन्हा तपासता येतो. आपल्याकडे प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला गाडून टाकतो. सळई काँक्रीटमध्ये जाते, वॉटरप्रूफिंग फरशीखाली, पाइप भिंतीत. नंतर कव्हर मीटर लावा, रिबाउंड हॅमर मारा, अल्ट्रासॉनिक घ्या, मिळतो तो अंदाजच. कोअर (काँक्रीट कापून काढलेला नमुना) काढला तर खात्री होते, पण तेवढ्याच जागेपुरती. गुणवत्ता पाहून घ्यायची एक ठरावीक वेळ असते, कधीकधी जेमतेम दोन-तीन तासांची. ती वेळ पकडता येते का, या कसोटीवर मी कुठलीही सिस्टिम पाहतो.

कॉलमचंच घ्या. शटर (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्याआधी काय दिसतं? जुन्या काँक्रीटचा माथा खरवडून साफ केलाय का, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचं अंतर बीमच्या जोडाजवळ कमी केलंय का, रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळवलेत की 90 वरच सोडलेत, लॅप (दोन सळयांचा एकमेकींवर येणारा जोड) कुठे आहे, कव्हर ब्लॉक (सळई शटरपासून लांब ठेवणारे ठोकळे) घट्ट बांधलेत की नुसते अडकवलेत. शटर बंद झाल्यावर यातलं काहीही दिसत नाही. तेव्हा ओळंबा, टेकू आणि तळाची फट तेवढी तपासता येते. तरीही मी पाहिलेल्या बहुतेक सिस्टिममध्ये कॉलमचा एकच लांबलचक फॉर्म असतो, आणि तो भरला जातो शटर बंद झाल्यावर, काँक्रीटची गाडी गेटवर आल्यावर. म्हणजे निम्मे मुद्दे न बघताच हिरवे होतात. असाच एक 'शंभर टक्के हिरवा' कॉलम शटर उघडल्यावर तळाशी वीतभर पोकळ निघाला. हनीकोंबिंग इतकं की सळई उघडी. फॉर्ममध्ये 'तळ साफ केला' यावर टिक होती. त्या क्षणी तळ कुणाला दिसणंच शक्य नव्हतं.

त्यामुळे फॉर्म घटकाप्रमाणे न करता काय केव्हा दिसतं त्याप्रमाणे तोडावेत. शटरआधीचा वेगळा, शटरनंतरचा वेगळा, आणि पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचाच नाही. कागदावर हे जमत नव्हतं, सॉफ्टवेअरमध्ये सहज जमतं.

एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा आग्रह कशाला, असं वाटेल. कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीचा, हिशेब बघा. कार्बोनेशनची (हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून सळईचं गंजापासूनचं संरक्षण घालवतो, त्याची) खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 30 मिमी कव्हर हवं होतं आणि ब्लॉक सरकून 20 मिमी राहिलं, तर त्याच काँक्रीटमध्ये सळईपर्यंत पोचायला लागणारा काळ दोन-तृतीयांश होत नाही, त्याचा वर्ग होतो. म्हणजे निम्म्याहूनही कमी. एक सेंटिमीटर सरकलं आणि गंजायला सुरुवात व्हायचा काळ अर्ध्यावर आला.

तुमच्याकडे काय चालतं? तुमच्या सिस्टिममधला होल्ड पॉइंट (मंजुरीशिवाय पुढे जायचं नाही असा टप्पा) खरोखर काम थांबवतो का?

खडीवाट

मी एक्झिक्युशनला आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. तुमचा मुद्दा तत्त्वतः मान्य. पण स्लॅबच्या दिवशी पंप लागलेला असतो, ट्रान्झिट मिक्सरची रांग असते, ड्रममध्ये काँक्रीटचं वय वाढत असतं. मी सकाळी सिस्टिममध्ये तपासणीची विनंती टाकतो. तपासणारे साहेब दुसऱ्या टोकाला मीटिंगमध्ये. विनंती 'प्रलंबित' दाखवते. स्लम्प (काँक्रीट किती पातळ, किती सहज पसरतं त्याचं माप) उतरायला लागला की ड्रायव्हर पाणी मारायच्या गोष्टी करतो. अशा वेळी काम थांबवून ठेवलं तर काँक्रीटचीच गुणवत्ता जाते. मग हो म्हणायचं की नाही?

आणखी एक. एकाच स्लॅबची माहिती मी पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या छापील तपासणी-कागदावर, लिहितो (कन्सल्टंटला कागदच लागतो), टॅबवर भरतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि संध्याकाळी दैनिक अहवालात परत टाइप करतो. चार ठिकाणी तेच. माणूस कंटाळून शेवटचे तीन एकाच बैठकीत उरकतो. त्याला 'शिस्त नाही' म्हणणं अन्याय आहे. सिस्टिम आणताना जुनं काय बंद करणार, हे कुणीच सांगत नाही.

मृण्मयी_स्थापत्य

खडीवाट यांच्या दुसऱ्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. आमच्याकडे सिस्टिम सुरू झाली त्याच दिवशी पोअर कार्डाची छापील पुस्तकं स्टोअरमध्ये परत जमा केली. त्याला कन्सल्टंटची लेखी संमती मिळवायला सिस्टिम शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण ते झालं म्हणून बाकीचं चाललं.

प्रलंबित विनंतीबद्दल. आमच्या पहिल्या आवृत्तीत फक्त कॉन्ट्रॅक्टरचं घड्याळ चालायचं: फॉर्म वेळेत भरला का, एनसीआर (काम ठरल्याप्रमाणे नसल्याचा अहवाल) वेळेत बंद केला का. तपासणाऱ्यानं किती वेळ लावला ते कुठेच दिसत नव्हतं. नंतर दोन्ही घड्याळं दाखवायला लागलो. विनंती आदल्या संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी टाकायची, आणि टाकली असेल तर दुसऱ्या दिवशी दिलेल्या वेळेला तपासणारा हजर नसल्यास ती उशिराची नोंद तपासणाऱ्याच्या नावावर. महिन्याच्या बैठकीत तो तक्ता भिंतीवर लावायला लागल्यापासून साहेब लोक वेळेवर यायला लागले. सिस्टिमनं फक्त खालच्या माणसावर नजर ठेवली तर खालचा माणूस तिला फसवायला शिकतो.

फसवणूक ओळखायची कशी? भरलेल्या उत्तरांपेक्षा उत्तरांच्या वेळा पाहा. चाळीस मुद्द्यांचा फॉर्म दोन मिनिटांत पूर्ण झाला असेल तर तो जागेवर पाहून भरलेला नाही. पाच वेगवेगळ्या मजल्यांचे फॉर्म संध्याकाळी साडेसहा ते सातमध्ये एकाच टॅबवरून आले असतील तर ते ऑफिसात बसून भरलेत. आणि वर्षभर ज्या मुद्द्यावर एकदाही 'नाही' आलेलं नाही, त्याचा अर्थ एकतर तो मुद्दा निरुपयोगी आहे किंवा तो कुणी बघत नाही. आम्ही दर तिमाहीला असे मुद्दे काढून त्यातले निम्मे उडवतो. फॉर्म आखूड झाला की लोक परत वाचायला लागतात.

आणि कृपा करून एनसीआरच्या संख्येवर कुणाला बक्षीस किंवा शिक्षा देऊ नका. 'या महिन्यात शून्य एनसीआर' म्हणून टाळ्या वाजल्या की पुढच्या महिन्यापासून एनसीआर तोंडी व्हायला लागतात. पाहायचं असेल तर उघडे किती दिवस राहतात ते पाहा, आणि बंद झालेला दोष त्याच टोळीकडून, त्याच प्रकारात परत येतो का ते पाहा. आमच्याकडे टॉयलेटच्या स्लॅबच्या खोलगट भागात पाइप स्लीव्हची जागा चुकायची. प्रत्येक वेळी 'कोअर कटिंग करून दुरुस्त' असं लिहून एनसीआर बंद. मुळात प्लंबिंगचं आणि स्ट्रक्चरचं ड्रॉइंग एकमेकांशी जुळतच नव्हतं. हे कळलं ते सगळे एनसीआर जागेच्या प्रकारानुसार एकत्र लावल्यावर. सुटे कागद फाइलला होते तोवर प्रत्येक चूक फिटरची वाटत होती.

प्रयोगशाळेतून

मटेरियल टेस्टिंगचा माणूस आहे. क्यूबबद्दल, म्हणजे ताकद तपासायला फोडतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांबद्दल, लिहितो, कारण डिजिटल नोंदीचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे दिसतो आणि सगळ्यात जास्त खोटेपणाही तिथेच दिसतो.

150 मिमीचा क्यूब, 7 दिवसांचा आणि 28 दिवसांचा निकाल. उंच इमारतीत स्लॅबचं चक्र 7 ते 10 दिवसांचं असेल तर 28 दिवसांचा निकाल हातात पडेपर्यंत वर तीन-चार स्लॅब चढलेले असतात. निकाल कमी आला तर कुणाची हिंमत आहे खालचा मजला तोडायची? मग कोअर, मग लोड टेस्ट, मग बैठका. म्हणून 28 दिवसांच्या आकड्याकडे पास-नापास म्हणून बघणं ही उशिरा जाग येण्याची पद्धत आहे. 7 दिवसांचे निकाल रोजच्या रोज सिस्टिममध्ये पडत असतील तर त्यांचा कल आधी कळतो. वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये कंट्रोल चार्ट मांडला, ई. एस. पेज यांनी 1954 मध्ये क्यूसम. क्यूसम म्हणजे प्रत्येक निकाल अपेक्षित सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे ते बेरजेत धरत जायचं. एकेक निकाल मर्यादेच्या आत असतानाही रेषा हळूहळू खाली झुकायला लागते, आणि तेव्हाच बॅचिंग प्लांटला फोन करता येतो: वाळूतला ओलावा बदलला का, सिमेंटचा लॉट बदलला का, वजनकाटा कधी कॅलिब्रेट केला होता. हातानं हे रोज कोण करणार? सिस्टिमसाठी मात्र साधी बेरीज आहे.

आता खोटेपणा. क्यूबवर खडूनं किंवा मार्करनं तारीख लिहायची, क्युरिंगच्या टाकीत ती पुसट होते, मग 'हाच असावा' म्हणून फोडायचा. त्यासाठी साच्यातच क्यूआर किंवा आरएफआयडी टॅग टाकतात. तो गाडीच्या चलनाशी आणि स्लॅबच्या जागेशी जोडला की क्यूब कुठल्या गाडीचा आणि ती गाडी कुठे रिकामी झाली हे पक्कं होतं. पुढची पायरी म्हणजे कॉम्प्रेशन मशीनचा आकडा थेट सिस्टिममध्ये जाणं, मधे टाइप करणारा हात नको. निकाल हातानं भरतात तिथे मला कधीकधी महिनोन् महिने 31.2, 31.4, 31.3 अशी मालिका दिसते. खरं काँक्रीट एवढं एकसारखं कधीच नसतं. गाडीगणिक, हातागणिक फरक पडतोच. प्रमाणित विचलन संशयास्पद वाटावं इतकं कमी आलं तर निकाल बघायच्या आधी प्रयोगशाळा बघायला जावं.

खडीवाट यांनी पाणी मारण्याचा विषय काढला म्हणून सांगतो. घनमीटरला 350 किलो सिमेंट आणि 157 लिटर पाणी, म्हणजे गुणोत्तर 0.45. साइटवर घनमीटरमागे 20 लिटर पाणी वाढवलं की ते 0.50 च्या वर गेलं. कुठल्याही चलनावर ते पाणी दिसत नाही. प्लांटची सिस्टिम आणि साइटची सिस्टिम वेगवेगळ्या असल्या की दोन्हीकडच्या नोंदी खऱ्या असूनही मधलं पाणी अदृश्य राहतं. म्हणून गाडीची निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, रिकामी झाल्याची वेळ आणि रिकामं करायच्या आधीचा स्लम्प या चार गोष्टी एकाच नोंदीत हव्यात.

वाचनमात्र

वाचतेय, छान चाललंय. 28 दिवस थांबायचं नसेल तर काँक्रीटमध्ये सेन्सर टाकून ताकद लगेच कळते असं ऐकलंय. त्यावर कुणी लिहील का?

प्रयोगशाळेतून

लिहितो. त्याला मॅच्युरिटी पद्धत म्हणतात, एएसटीएम सी1074 या मानकात ती दिली आहे. काँक्रीट किती तापमानात किती वेळ राहिलं यावर त्याची ताकद कशी वाढेल याचा अंदाज बांधता येतो. सेन्सर मोजतो फक्त तापमान. ताकदीचा आकडा येतो त्या मिक्ससाठी प्रयोगशाळेत आधी काढलेल्या आलेखातून. स्लॅबचं शटर कधी काढायचं, पोस्ट-टेन्शनची केबल कधी ताणायची यासाठी फार उपयोगी, कारण टाकीतला क्यूब आणि स्लॅबची कड वेगवेगळ्या तापमानाला असतात.

पण वर सांगितलेलं 20 लिटर पाणी सेन्सरला कळत नाही. मिक्स बदलला, पाणी वाढलं, सिमेंट कमी पडलं, तरी तो जुन्याच आलेखावरून आत्मविश्वासानं आकडा देत राहतो. म्हणून क्यूब सुटत नाहीत. ॲपवर हिरवा आकडा दिसतोय म्हणून टेकू काढणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

कोड_आणि_काँक्रीट

मी अशा सिस्टिम बनवणाऱ्या चमूत आहे, त्यामुळे आमच्या बाजूच्या चार गोष्टी.

बेसमेंटमध्ये आणि शिअर वॉलच्या आड नेटवर्क नसतं. ॲप ऑफलाइन चाललंच पाहिजे, नाहीतर लोक वर येऊन, आठवून भरतात, आणि 'जागेवर नोंद' तिथेच संपते. ऑफलाइन नोंदीत दोन वेळा साठवाव्या लागतात: फोनच्या घड्याळानं भरली ती, आणि सर्व्हरवर पोचली ती. फोनचं घड्याळ कुणीही मागे करू शकतं. दोन्ही वेळा जवळ असल्या की तफावत दिसते.

फोटो ॲपच्या आतूनच काढायला लावा, गॅलरीतून चढवायची सोय शक्यतो ठेवू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून वेळेची आणि ठिकाणाची मूळ माहिती निघून जाते आणि चित्रही दाबलं जातं. वाद उद्भवला तर त्या फोटोवरून कुठला मजला, कधीचा, काहीच सिद्ध होत नाही. फोटोत ग्रिडचा क्रमांक लिहिलेली पाटी आणि मोजपट्टी आली तर उत्तम. रिंगांच्या अंतराच्या फोटोत टेप नसेल तर मी तो फोटो पुरावा धरत नाही.

खोडता येतं का, हा पुढचा प्रश्न. एक्सेलची मोठी अडचण हीच की शेवटी सेव्ह केलेलं तेवढंच उरतं. चांगल्या सिस्टिममध्ये नोंद पुसता येत नाही, फक्त तिच्यावर नवी नोंद करता येते आणि जुनी कुणी, केव्हा, का बदलली ते राहतं. सिस्टिम घेताना विकणाऱ्याला समोर बसवून सांगा की एक बंद झालेला फॉर्म बदलून दाखव. कसा बदलतो यावरून खूप कळतं.

शेवटचं, मोकळा मजकूर. 'काम बरोबर नाही, दुरुस्त करावे' असं शेकडो एनसीआरमध्ये लिहिलेलं असेल तर त्यातून मृण्मयी यांच्यासारखं निदान काढता येत नाही. दोषाचा प्रकार, कारण आणि जागा यादीतून निवडायला लावा. याद्या आखूड ठेवा, आणि 'इतर' हा पर्याय किती वापरला जातोय यावर लक्ष ठेवा. 'इतर' फुगला की समजायचं आपली यादी साइटवर बसून केलेली नाही.

नकाशेकर

जागेच्या यादीबद्दल अजून थोडं, कारण सगळ्याचा पाया तो आहे. एकाच कॉलमला स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये सी-14, फोरमनच्या वहीत 'जिन्याजवळचा', क्यूबच्या रजिस्टरमध्ये 'सातवा मजला कॉलम' आणि एनसीआरमध्ये 'बी विंग ग्रिड 4' म्हटलेलं असेल तर सिस्टिम कितीही भारी असो, या चार नोंदी कधीच एकत्र येणार नाहीत. पहिली सळई यायच्या आधी प्रत्येक घटकाला एक कोड द्यायचा आणि सगळीकडे तोच वापरायचा. मॉडेल (इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय रूप) असेल तर तो मॉडेलमधूनच यावा. आयएफसी हा मॉडेलचा खुला फॉरमॅट आहे, आयएसओ 16739 खाली येतो, त्यामुळे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकायला होत नाही.

दुसरं म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती. सळई एकदम बरोबर बांधलेली, चेकलिस्ट जागेवर उभं राहून प्रामाणिकपणे भरलेली, आणि हातातलं ड्रॉइंग मागच्या रिव्हिजनचं. अशी चूक तपासणीत सापडूच शकत नाही, कारण तपासणाराही तेच ड्रॉइंग धरून उभा असतो. बांधकामाची माहिती कशी सांभाळायची याचं मानक आयएसओ 19650, त्याचे पहिले दोन भाग 2018 मध्ये आले. त्यात माहितीच्या चार अवस्था ठरवल्या आहेत: काम सुरू असलेली, इतरांना दाखवलेली, प्रकाशित आणि जुनी म्हणून जपलेली. साइटवर बांधायला फक्त प्रकाशित अवस्थेतलंच ड्रॉइंग वापरायचं, मेलवर आलेलं 'पुढे पाठवतोय, बघून घ्या' चालणार नाही. छापील ड्रॉइंगच्या कोपऱ्यात क्यूआर असला की फोरमन फोन धरून ते चालू आहे की रद्द झालंय ते पाहू शकतो. माझ्या पाहण्यात फोरमन लोकांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात आनंदानं उचललेली गोष्ट ही, कारण चुकीच्या ड्रॉइंगवर बांधलेली सळई सोडायला त्यांच्याच माणसांचे हात लागतात.

लेझर स्कॅनबद्दल विचारलं जातं नेहमी. स्लॅबची पातळी, कॉलमचा झुकाव, भिंतीची जागा मॉडेलशी काही मिलिमीटरच्या फरकानं ताडून बघता येते. पण स्कॅनरला दिसतो तो पृष्ठभाग. धाग्याच्या सुरुवातीला आहे तोच मुद्दा इथेही लागू: सळई बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आधी स्कॅन केलं तर त्याची किंमत वेगळीच. पुढे कुणी ड्रिल मारायला आला तर सळई कुठे आहे ते मिळतं.

रस्तेकाम

रस्त्यांवरून थोडंसं. रोलरवर जीपीएस आणि ॲक्सेलरोमीटर बसवतात, कुठे किती फेऱ्या झाल्या आणि थर किती कडक झाला याचा रंगीत नकाशा ऑपरेटरला तिथल्या तिथे दिसतो. पूर्वी ठरावीक अंतरावर घनता तपासायचो, मधल्या पट्ट्याचं देवाला माहीत. आता कमकुवत पट्टा नकाशात दिसतो आणि नेमकी तिथेच टेस्ट घेतो. मातीतला ओलावा बदलला की आकडे फसवतात, म्हणून फील्ड डेन्सिटी सोडलेली नाही. पण तपासणी कुठे करायची हे आता अंदाजानं ठरत नाही.

पायाभरणी

सगळं वाचलं. मी लहान कामं घेतो, दोन-तीन मजली. माझ्याकडे ना क्यूए विभाग ना मॉडेल. माझ्यासारख्यानं यातलं काय उचलावं?

ओळंबा

पायाभरणी, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण बहुतांश बांधकाम तुमच्यासारख्यांच्या हातून होतं.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. ड्रॉइंगवर प्रत्येक फूटिंग, कॉलम, स्लॅबपट्ट्याला क्रमांक घाला. फोनवर त्याच क्रमांकांची फोल्डर करा, मोफत मिळणाऱ्या साठवणीत ठेवा, आणि मालक व इंजिनीअर दोघांनाही ती उघडी ठेवा. झाकलं जाणारं काही असलं की पाटी आणि टेप धरून तीन-चार फोटो काढून त्या क्रमांकात टाका. काँक्रीटच्या आधी इंजिनीअरनं फोटोंवर 'पुढे जा' लिहिल्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही. काँक्रीटच्या दिवशीची गोणींची संख्या, बादलीनं मोजलेलं पाणी आणि क्यूबचा क्रमांक यासाठी ऑनलाइन फॉर्म लागतो तो दहा मिनिटांत बनतो. क्युरिंगसाठी रोज एक फोटो. वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून ठेवताना पहिल्या आणि शेवटच्या दिवशी भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करून फोटो. एवढं केलंत तर वर ज्या मोठ्या सिस्टिमची चर्चा चाललीय तिच्यातला मोलाचा भाग तुमच्याकडे आला. तुम्ही रोज साइटवर स्वतः असता, हा तुमचा मोठा फायदा आहे. मोठ्या प्रकल्पात पाहणारा वेगळा, भरणारा वेगळा आणि सही करणारा तिसराच असतो.

वाचनमात्र

आता जरा राहणाऱ्यांच्या बाजूनं विचारते. इमारत पूर्ण झाल्यावर या सगळ्या नोंदींचं काय होतं? आम्हाला ताब्याच्या वेळी किल्ल्या आणि फाइलींचं एक कपाट मिळालं. त्यात वाचता येईल असं फारसं नव्हतं. वॉटरप्रूफिंगला कुठलं मटेरियल वापरलंय ते गळती लागल्यावर कुणालाच सांगता आलं नाही.

नकाशेकर

हा प्रश्न ताब्याच्या वेळी विचारला की उशीर झालेला असतो, तो कराराच्या वेळी विचारायचा असतो. बहुतेक ठिकाणी सिस्टिमचं सबस्क्रिप्शन कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असतं. प्रकल्प संपला की खातं बंद, आणि मालकाला पीडीएफचा गठ्ठा. पीडीएफमध्ये शोधता येईल, पण 'पाचव्या मजल्यावर कुठला मेंब्रेन, कुठल्या लॉटचा, कुणी बसवला' असं विचारता येत नाही. करारात लिहून घ्यावं की सगळ्या नोंदी घटकाच्या कोडसकट, उघडता येईल अशा खुल्या फॉरमॅटमध्ये, फोटोंसह मिळाल्या पाहिजेत. अर्ध्या कामात एकदा नमुना निर्यात करून पाहावी.

यावर जगभर गांभीर्यानं विचार सुरू झाला तो लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर. 14 जून 2017 ला लागलेल्या त्या आगीत 72 माणसं गेली. बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणातून आग वर चढत गेली. त्यानंतर डेम ज्युडिथ हॅकिट यांच्या समितीनं 2018 च्या अहवालात सांगितलं की इमारतीत नेमकं काय बसवलंय, कुणी बसवलं, नंतर काय बदललं याची डिजिटल नोंद आराखड्यापासून वापरापर्यंत अखंड राहिली पाहिजे. त्यांनी तिला 'सोनेरी धागा' म्हटलं. इंग्लंडमध्ये 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनं 18 मीटर किंवा सात मजल्यांपासून वरच्या राहत्या इमारतींना ते बंधनकारक केलं. ताबा घेताना तुम्हाला मिळायला हवी होती ती हीच माहिती, ताई. तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

मृण्मयी_स्थापत्य

यात एक भर. बदललेल्या मटेरियलची नोंद सगळ्यात जास्त हरवते. मंजूर झालेलं एक, बाजारात मिळालं नाही म्हणून 'समतुल्य' दुसरं आलं, मंजुरी फोनवर झाली. सिस्टिममध्ये मूळ मटेरियलचंच नाव राहतं. बदलाच्या विनंतीला वेगळा फॉर्म हवा आणि स्टोअरच्या आवक नोंदीशी त्याची सांगड हवी. आलेला माल मंजूर यादीत नसेल तर स्टोअरकीपरच्या स्क्रीनवरच अडला पाहिजे.

खडीवाट

चर्चा चांगली झाली, बरंच घेण्यासारखं आहे. कॉलमचा फॉर्म दोन भागांत तोडायचं मी उद्याच आमच्या साहेबांपुढे मांडतो. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. दोन्ही घड्याळं लावली, विनंती आदल्या दिवशी टाकली, तरी माणूस आलाच नाही तर? गाड्या उभ्या. सिस्टिमनं कुलूप लावलेलं. काय करायचं?

ओळंबा

सगळ्याच तपासण्यांना होल्ड पॉइंट करून ठेवलं की हाच पेच येतो, खडीवाट. तपासणी आराखड्यात दोन वेगळे प्रकार असतात, होल्ड आणि विटनेस. विटनेसमध्ये वेळेवर कळवायचं. समोरचा आला तर उत्तम, नाही आला तर तुम्ही स्वतः तपासून, फोटो टाकून पुढे जायचं, आणि तो गैरहजर होता ही नोंद राहते. होल्डमध्ये मंजुरीशिवाय पाऊल पुढे नाही. बऱ्याच सिस्टिममध्ये हा फरकच ठेवलेला नसतो. सगळ्यालाच कुलूप लागतं, आणि मग कुणाचा तरी पासवर्ड वापरून सगळीच कुलपं उघडली जातात.

आमच्या आराखड्यात होल्ड मोजकेच आहेत. पायाच्या तळाची जमीन, काँक्रीटआधीची सळई, पोस्ट-टेन्शन ताणणं, टेकू काढणं, वॉटरप्रूफिंग झाकणं. यातलं काहीही नंतर पाहता येत नाही किंवा उलटं फिरवता येत नाही. शटरची रेषा, ब्लॉककाम, गिलावा, फरशी हे सगळं विटनेस. आणि प्रत्येक होल्डसाठी दोन माणसं नेमलेली असतात, पहिला नसला तर दुसऱ्यालाही तेवढाच अधिकार, दोघांचे वेगळे लॉगिन.

आणि गाड्यांचं म्हणाल, तर होल्ड मोकळा झाल्याशिवाय बॅचिंग प्लांटला ऑर्डरच जात नाही असं जोडून घ्या. सळईची मंजुरी आली की मगच प्लांटकडे पहिली गाडी सुटायचा निरोप जातो. मग गेटवर उभ्या असलेल्या काँक्रीटचा दबाव तपासणाऱ्यावर येत नाही, तुमच्यावरही येत नाही. आमच्याकडे हे जोडायला प्लांटवाल्यांशी बरीच चर्चा करावी लागली. त्यांना सकाळची वेळ पक्की हवी होती म्हणून सळईची तपासणी आदल्या दुपारी घ्यायला लागलो, आणि रात्री स्लॅबवर कुणी चालू नये म्हणून फळ्या टाकून वाट बंद ठेवतो. सकाळी ओतायच्या आधी सरकलेले कव्हर ब्लॉक आणि दबलेल्या चेअर (वरची सळई उचलून धरणारे आधार) तेवढ्या पुन्हा बघायच्या, त्याचा पाच मुद्द्यांचा छोटा फॉर्म आहे. हवा असेल तर इथेच टाकतो.